तीनवारांची बोली

काटा पिवळ्या पट्ट्यात आला, तसा तीनवारांनी मोबाईल हातभर लांब धरला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बोटाने काटा आणखी जरासा पुढे ढकलला. काटा हिरव्यात गेला. खाली शब्द उमटले : 'तुमची बोली जोरदार आहे.'

"अहो, साबण संपलाय!" बाथरूममधून बायकोची हाक आली.

"आणतो, आणतो."

"दाराबाहेर स्टुलावर ठेवा. आत यायचं नाही."

"कोण येतंय आत! ठेवला बघ."

दार फटीएवढं उघडलं, एक हात बाहेर आला आणि साबण घेऊन आत गेला. तीनवार पुन्हा मोबाईलकडे वळले. आयुष्यात पहिल्यांदा ते बोली लावत होते, आणि त्यांच्या कानाच्या पाळ्या चक्क गरम झाल्या होत्या.

हे ऐकून कुणालाही हसू येईल, कारण त्यांची सगळी नोकरी लिलावघरात गेली होती. जुनी कपाटं, बंद पडलेल्या हॉटेलांच्या खुर्च्या, मेलेल्या माणसांचे पलंग, असला माल चौथऱ्यावर उभं राहून पुकारायचा आणि 'एक वार, दोन वार, तीन वार' करत हातोडा आपटायचा. त्यावरून अख्ख्या बाजाराने त्यांना तीनवार म्हणायला सुरुवात केली, ती इतकी की दारावरच्या पाटीतलं नाव पोस्टमनलाही आठवेनासं झालं. बायको चिडली की म्हणायची, "तीन वेळा सांगितल्याशिवाय ऐकायचं नाही. नाव कसं अगदी शोभून दिसतंय!" पण लिलावघराचा एक नियम होता. पुकारणाऱ्याने स्वतः बोली लावायची नाही. स्वतःसाठी नाही, बायकोसाठी नाही आणि मित्राच्या आडून तर नाहीच नाही. एकदा गोल आरशाचं एक टेबल आलं होतं, बायकोच्या अगदी मनात भरलेलं. ती मागच्या रांगेत उभी राहून बघत होती आणि तीनवारांनी आपल्याच तोंडाने ते दुसऱ्या बाईला देऊन टाकलं. त्या रात्री त्यांना घास गेला नव्हता.

बायको सरकारी दवाखान्यात आया होती. बायकांच्या वॉर्डात लघवी-संडासाची भांडी द्यायची, ती उचलायची, अंथरुणं बदलायची. ती हे काम मन लावून करी, पण त्याबद्दल तिला गोड बोलता येत नसे. "भांडं द्यायला जरा उशीर झाला ना, की चांगली चांगली बाई नजर चुकवते," ती म्हणायची. "मग तिला कितीही समजवा, ती पहिल्यासारखी बोलत नाही आपल्याशी." निवृत्तीनंतर तिच्या मणक्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, गाठ गेली आणि गाठीबरोबर पायही गेले. शुद्धीवर आल्यावर तिने रडारड केली नाही. नवऱ्याला जवळ बोलावून एवढंच सांगितलं, "माझं भांडं तुम्ही उचलायचं नाही. कुणीच नाही. माझं मी बघीन."

आणि तिने ते करून दाखवलं. बाथरूमचं दार रुंद करून घेतलं, भिंतीत उजव्या हाताला दांडी बसवून घेतली, आणि महिनोन्महिने आपटत, सरकत, शिव्या घालत खुर्चीवरून तिकडे आणि तिकडून खुर्चीवर यायला ती शिकली. बाकी सगळ्याला ती नवऱ्याची मदत घेई. मोजे घालायला पाय पुढे करी, केस विंचरून घेताना त्यांना चांगलंच सुनवी. पण ते दार तिचं होतं. त्या दाराआड ती धडधाकट बाई होती, आणि उरलेला दिवस ती त्याच जोरावर काढत होती.

जहाजाच्या सफरीचं लेकीने काढलं. लेक लांबच्या शहरात नोकरी करायची आणि आईवडिलांना वेळ देता येत नाही याची टोचणी तिला कायम असायची. आईने आधी उडवूनच लावलं. मग एक अट घातली : आधी संडास दाखव, मग समुद्र. लेकीने जहाज कंपनीला फोन करकरून डोकं उठवलं आणि शेवटी व्हीलचेअरवाल्यांसाठी राखलेली एक केबिन मिळवली. रुंद दार, सपाट जमीन, उजव्या हाताला दांडी. फक्त खिडकी नव्हती. खालच्या मजल्यावरची, चारी बाजूंनी भिंती असलेली खोली.

"खिडकी नाही तर नाही," बायको म्हणाली. "समुद्र काय, वर जाऊन बघता येईल. तो कुठे पळून चाललाय?"

पण तीनवारांच्या ते मनाला लागलं. ऑपरेशननंतर ते तळमजल्यावरच्या ज्या घरात राहायला आले होते, तिथल्या खिडकीतून शेजारच्या गोदामाची भिंत दिसायची. बिचारी वर्षानुवर्षं ती भिंत बघते, आता जहाजावर जाऊनही भिंतच बघणार! अशात कंपनीचा मेल आला. रिकाम्या राहिलेल्या चांगल्या केबिनसाठी बोली लावा, नशीब असेल तर बाल्कनीची केबिन तुमची. तीनवारांनी तो मेल पुन्हा पुन्हा वाचला. बायकोसाठी बाल्कनी हवी होती हे खरंच, पण निम्मी खाज त्यांची स्वतःची होती हेही तितकंच खरं. इथे कुणी त्यांना अडवणारं नव्हतं. समोर चेहरा दिसत नव्हता, कोण नाक खाजवतंय, कोण उगाच छताकडे बघतंय ते कळत नव्हतं. नुसता एक काटा होता. तरी त्यांनी रोज थोडा थोडा तो पुढे सरकवला.

मेलच्या तळाशी बारीक अक्षरांत बरंच काही होतं. ते तीनवारांनी वाचलं नाही. रोज सकाळी लिलावाआधी त्यांनी स्वतःच 'माल जसा आहे तसा, जिथे आहे तिथे' ही अख्खी पोथी एका दमात म्हणून टाकलेली होती आणि ती ऐकताना त्यांनी कधी कुणाला बघितलं नव्हतं. शिवाय मेलमध्ये बायकोच्या नावापुढे व्हीलचेअरचं चिमुकलं चित्र होतं. ते बघून त्यांची खात्री पटली. लिलावघरात कपाटाच्या पायाला बांधलेली चिठ्ठी कपाटाबरोबर जाते. कपाट चार हात फिरलं तरी चिठ्ठी सुटत नाही. तसं हे चित्र बायकोबरोबर जाईल, जिथे ती तिथे तिची सोय. लेकीला विचारलं असतं तर तिने क्षणात वेड्यात काढलं असतं. पण मग गंमत काय राहिली!

बोली लागली. 'अभिनंदन' अशी अक्षरं आली तेव्हा बायको भाजी निवडत होती. तीनवार उठून उगाचच खोलीतून फेऱ्या घालू लागले.

"काय हो, लग्न ठरल्यासारखे काय हिंडताय?"

"काही नाही. पाय मोकळे करतोय."

"करा, करा. ज्यांचे आहेत त्यांनी करावेत," ती म्हणाली आणि स्वतःच हसली.

जहाजावर चढल्यावर गणवेशातला एक पोरगा त्यांना लिफ्टने वर, आणखी वर घेऊन गेला. जाड गालिच्यात खुर्चीची चाकं रुतत होती.

"आपला मजला खालचा ना?" बायकोने विचारलं.

"गंमत आहे. तू बघच."

केबिनच्या दारातून खुर्ची कशीबशी आत गेली. बायकोच्या बोटांची सालपटं निघाली, पण तिचं तिकडे लक्ष नव्हतं. समोर काचेचं दार होतं आणि काचेपलीकडे सगळा समुद्रच. खोलीभर पांढरं ऊन पसरलं होतं.

"अगंबाई!" ती म्हणाली. नुसतं तेवढंच. तिचा चेहरा असा उजळला की तीनवारांना रडू आलं. आरशाच्या टेबलाची फिट्टंफाट झाली असं त्यांना वाटलं.

मग तिने मान वळवली. बाथरूम शोधण्याची तिची सवयच होती. दार दिसलं. अरुंद होतं, एका माणसाने अंग चोरून आत जावं असं, आणि खाली वीतभर उंच लोखंडी उंबरा.

"हे काय?"

"बाल्कनी. मी घेतली. बोली लावून!"

"ते दिसतंय मला. हे काय विचारतेय मी."

तीनवारांनी दार बघितलं, उंबरा बघितला.  "थांब," ते म्हणाले, "खाली विचारून येतो. काहीतरी चुकलंय त्यांचं."

खालच्या काउंटरवर मोठी रांग होती. तिथली मुलगी हसतमुख होती, त्यांच्या लेकीच्या वयाची.

"काका, बोली मान्य झाली की ती रद्द होत नाही. नवीन केबिन आहे तशी घ्यावी लागते. आधीच्या केबिनमधल्या खास सोयी नवीन केबिनमध्ये असतीलच असं नाही. मेलमध्ये सगळं दिलेलं होतं."

तिने हे एका दमात म्हटलं. कुठेही न थांबता, कुठेही न अडखळता. तो सूर तीनवारांच्या ओळखीचा होता. 

"आमची पहिली खोली तरी परत द्या," ते शेवटी म्हणाले. "बाल्कनी नको आम्हाला."

"ती दिली काका. त्याही लोकांना व्हीलचेअर आहे, ते कधीचे थांबलेले होते. जहाज पूर्ण भरलंय. पाचव्या मजल्यावर रुंद टॉयलेट आहे, सगळ्यांसाठी. आणि मी उंबऱ्याला उतरण पाठवते."

उतरण आली. उंबऱ्याचं काम झालं, पण दार रुंद कुठून आणणार? शेवटी ती उतरण बाल्कनीच्या दाराला लावली. बायको बाहेर जाऊन बसली आणि पाण्याकडे बघत राहिली. तीनवारांनी रसाचा पेला आणून दिला. तिने तो तसाच हातात धरला, मग खाली ठेवून दिला.

"पी ना."

"प्यायलं की जावं लागतं."

संध्याकाळी तीनवार खालच्या मजल्यावर त्या पहिल्या केबिनपाशी जाऊन उभे राहिले. अदलाबदल मागायची असं त्यांनी ठरवलं होतं. बाल्कनी देतो म्हटलं तर कोण नाही म्हणेल! दार एका किरकोळ बाईने उघडलं. तिच्यामागे खुर्चीत दाढी आलेला, थोराड, मान एका बाजूला कललेला मुलगा होता. तीनवारांनी जमेल तसं सांगितलं. बाईने सगळं ऐकून घेतलं.

"बाल्कनी घेऊन काय करू हो मी?" ती म्हणाली. "लहान होता तोवर कडेवर नेलं याला. आता नाही उचलवत. माझी कंबर गेली याच्यापायी." मग जराशाने तीच म्हणाली, "तुम्ही असं करा, ताईंना इथेच घेऊन येत जा. लागेल तेव्हा. संकोच करू नका."

 कुणाचा तरी राग यावा असं तीनवारांना फार वाटत होतं. पण कुणी सापडेना.

बायकोने ते ऐकल्यावर आधी कपाळाला हात लावला. "म्हणजे आता दुसऱ्याच्या दारात उभं राहून विचारायचं, बाई, जाऊ का?" तरी ती गेली, कारण पाचव्यावरच्या टॉयलेटबाहेर सतत रांग असायची. दुसऱ्या दिवशी गेली, तिसऱ्या दिवशी गेली. आत जाताना त्या बाईशी गोड बोलायची आणि बाहेर आल्यावर लिफ्टमध्ये एक शब्द काढायची नाही. पाणी तर जवळपास सोडलंच होतं. ओठांना चिरा पडल्या होत्या. तीनवार म्हणाले, "अगं, मी उचलतो ना आत. कुणाला कळतंय?" तिने त्यांच्याकडे असं बघितलं की ते बाल्कनीत जाऊन बसले. समुद्र छान होता. त्यांनी त्याच्याकडे पाठ केली.

चौथ्या दिवशी संध्याकाळी मोठं जेवण होतं. सगळं जहाज नटूनथटून बाहेर पडलं होतं. बायकोनेही चांगले कपडे केले, केस नीट बांधून घेतले. वाटेत खालच्या मजल्यावर उतरून त्या केबिनचं दार वाजवलं. उत्तर आलं नाही. पुन्हा वाजवलं. मायलेक जेवायला गेले असणार.

"पाचव्यावर चला," बायको म्हणाली. "लवकर."

लिफ्ट आली ती गच्च भरलेली. सुगंधी, चकाकत्या माणसांनी त्यांच्याकडे बघून ओशाळं हसून घेतलं, पण कुणी उतरलं नाही. दुसरी आली, तीही तशीच. तिसऱ्या लिफ्टमध्ये जागा मिळाली. पाचव्या मजल्यावर दार उघडलं तेव्हा बायको खुर्चीच्या हातांना घट्ट धरून होती. तीनवार खुर्ची पळवायला लागले. गालिचा मऊ होता, चाकं निघता निघत नव्हती.

"अहो," ती हळूच म्हणाली. "थांबा आता."

"पोहोचलोच, तो बघ कोपरा."

"थांबा म्हणते ना. झालं."

तिने अंगावरची शाल काढली, मांडीवर पसरली, कडा दोन्ही बाजूंनी आत खोचल्या. हे सगळं तिने अगदी शांतपणे केलं, वॉर्डातल्या पलंगाची चादर ओढावी तसं. तेवढ्यात समोरून एक तरुण फोटोग्राफर आला. जहाजावर नटलेल्या पाहुण्यांचे फोटो काढत फिरणं हे त्याचं काम.

"काका-काकू, एक फोटो? मस्त दिसताय दोघं!"

तीनवारांनी त्याला हाताने हाकललं. "नको, नको, जा तू."

"काढ रे बाबा," बायको म्हणाली. लोक जात-येत होते, सगळे ऐकत होते. "काढ. अहो, असे मागे उभे राहा. ताठ राहा जरा."

ती कॅमेऱ्याकडे बघून हसली. तीनवारांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि खांदा थरथरत होता ते फक्त त्यांनाच कळलं.

वर केबिनमध्ये आल्यावर तिने शाल काढून खाली टाकली. बाथरूमच्या दाराकडे बोट केलं.

"उचला."

तीनवार खाली वाकले.

"असं नाही. पाठ मोडेल तुमची. गुडघे वाकवा. एक हात गुडघ्यांखाली, एक काखेतून. मला छातीशी धरा, मग उठा."

किती बायकांना तिने असं उचललं असेल! उचलणाऱ्याचा हात कुठे हवा हे तिला माहीत होतं आणि उचललेल्या माणसाने नजर कुठे ठेवायची हेही. तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. तीनवारांनी उंबरा ओलांडला, अंग तिरकं करून तिला आत नेलं, बसवलं, कपडे सोडवले. ऑपरेशननंतर तिला त्यांनी एकदाही असं बघितलं नव्हतं. बारीक झालेले, पांढरे पडलेले पाय होते. ते त्यांनी साबणाने धुतले.

"चुकलं माझं," ते म्हणाले. "तुला विचारायला हवं होतं. मला वाटलं, एकदा तरी..."

"पाणी गार आहे," ती म्हणाली. "जरा गरम करा."

त्यानंतर सगळं सोपं झालं. इतकं सोपं, की तीनवारांना आधी विश्वासच बसेना. ती पाणी पिऊ लागली, चहा मागून घेऊ लागली. लागलं की सरळ हाक मारी. तीनवार येत, गुडघे वाकवत, उचलत. खालच्या केबिनमध्ये ती पुन्हा गेली नाही. त्या बाईला मात्र तिने जेवणाच्या हॉलमध्ये बोलावून घेतलं, तिच्या मुलाशी खूप वेळ बोलली. रोज बाल्कनीत बसली. लेकीचा फोन आला तेव्हा म्हणाली, "अगं, समुद्र कसला दिसतो आमच्या खोलीतून! तुझ्या बाबांनी बोली लावून मिळवली." लेक तिकडून ओरडायला लागली, बाथरूमचं काय, बाथरूमचं काय. "आहे चांगलं," बायको म्हणाली आणि फोन तीनवारांकडे दिला.

तीनवारांना वाटलं, सुटलो. माफ केलं तिने. चार दिवसांचा प्रश्न होता, निभावला. आता एकदा घरी पोहोचलं की तिचं सगळं तिच्या हातात.

घरी पोहोचले ते दुपारी. तीनवारांनी सामान आत घेतलं, खिडकी उघडली, नळाचं पाणी जरा वाहू दिलं. बायकोची खुर्ची त्यांनी बाथरूमच्या दाराशी नेऊन सोडली, आतला दिवा लावला आणि नेहमीसारखे मागच्या मागे स्वयंपाकघरात गेले. चहाचं आधण ठेवलं. साखर सापडेना म्हणून डबे उघडून बघत होते, तेवढ्यात हाक आली.

"अहो."

ते बाहेर आले. खुर्ची होती तिथेच होती. दार उघडं, दिवा चालू, आणि बायको त्याच्याकडे तोंड करून बसलेली.

"काय गं? काही हवंय?"

तिने खुर्चीचा ब्रेक लावला.

"जा ना आत," तीनवार म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच कसा तरी वाटला. "आपलं घर आहे. इथे तू... तुझं तू करतेस की. मी बघतसुद्धा नाही, हा चाललो बघ."

बायकोने मागे वळून बघितलं नाही. मान भिंतीकडे फिरवली आणि लहान मूल घ्यायला सांगतं तसे दोन्ही हात वर केले.

स्वयंपाकघरात आधण उकळून उतू जायला लागलं होतं. तीनवार तिच्यापुढे आले. मग तिने शिकवलं होतं तसे त्यांनी गुडघे वाकवले.